माझ्या नावाचा पगार
भिवापुरी मिरचीचा ठसका लागला की मला आयकर कार्यालयातली ती दुपार आठवते. हिंगण्याला यांचा मसाल्याचा कारखाना आणि मी तिथे पगारावर. कर वाचवायला नवऱ्याने स्वतःचीच कमाई बायकोच्या नावावर दाखवली, असा अधिकाऱ्यांना संशय होता. तसं ठरलं तर माझा पगार यांच्याच उत्पन्नात धरला जाणार होता. कूलरच्या घरघरीत त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही नेमकं करता काय?" हे सवयीनं म्हणाले, "घरचीच आहे, मदत करते." मी म्हटलं, "अहो, थांबा. मले बोलू द्या." मग मी माझी अन्नतंत्रज्ञानाची पदवी सांगितली आणि बुरशी सापडली म्हणून यांच्याशी भांडून मिरचीचा अख्खा ट्रक कसा परत पाठवला, तेही सांगितलं. अधिकारी यांच्याकडे वळले. "खरं आहे?" हे म्हणाले, "साहेब, हिनं नाही म्हटलं तर आमचं एक पाकीट बाहेर जात नाही." लग्नानंतर हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मग हा पगार मॅडमच्या शिक्षणाचा आहे, त्यांच्याच नावावर राहील," अधिकारी म्हणाले. लोक कर भरताना कुरकुरतात. मी मात्र माझ्या नावाचा कर अजूनही ऐटीत भरते.