चक्कीवरचा आळ

वडनेरच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळले की जे गाव लागते, तिथे जमीन थरथरणे ही बातमी नव्हती. आनंदाबाईंची पिठाची चक्की सुरू झाली की आधी ओट्यावरचे डबे हलत. मग शेजारच्या घरातली फळीवरची भांडी एकमेकींशी कुजबुजू लागत आणि सर्वांत शेवटी त्या घरचे प्रभाकरराव बोलू लागत. चक्की थांबली की भांडी थांबत. प्रभाकररावांचे तसे नव्हते.

आनंदाबाई माहेरच्या सेलूकडच्या. लग्न होऊन आल्या तेव्हा चक्की नवऱ्याच्या, लक्ष्मणरावांच्या हाती होती, आणि बाईमाणसाने पट्ट्याजवळ फिरकू नये असा दंडक होता. लक्ष्मणराव अचानक गेले. तेरवी आटोपली आणि लोक दळणाचे डबे घेऊन दारात उभे राहिले, तेव्हा तो दंडक कोणालाच आठवला नाही. भूक ही रूढीपेक्षा जुनी संस्था आहे. बाईंनी पदर कमरेला खोचला, वरून नवऱ्याचा सदरा चढवला आणि बटण दाबले. तेव्हापासून सकाळी घरातून सावळी बाई निघे आणि संध्याकाळी चक्कीतून गोरी बाई परते, असे गाव म्हणत आले. मुलगा मुकेश हिंगणघाटला नोकरीला लागला, सून मोहिनी घरात आली, दोघेही ‘आता आराम करा’ म्हणू लागले. “आरामानं माणूस गंजते,” एवढेच बाई म्हणत.

अडचण होती ती प्रभाकररावांच्या भिंतीची. खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली एक भेग त्यांच्या माजघरात तिरपी उतरली होती, आणि तिचा त्यांना जितका राग होता तितकाच अभिमानही होता. पाहुणा आला की त्याला आधी भेग दाखवली जाई, पाणी नंतर मिळे. भेगेचे कारण चक्की, हा त्यांचा सिद्धान्त. त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की चक्की वस्तीतून उठून नाल्यापलीकडे, रस्त्याच्या कडेला गेली पाहिजे. ऐकायला ही मागणी माफक वाटे. पण नाला ओलांडून डोक्यावर दळण वाहून नेणारी बाई या गावात कोणीच नव्हती. चक्की हलवणे म्हणजे चक्की मिटवणे, हे प्रभाकररावांना कळत होते आणि आनंदाबाईंना त्यांच्याहून जास्त कळत होते. सोमवारी निंबाखाली गाव बसणार होते आणि तिथे याचा निकाल लागायचा होता.

त्याआधीच्या आठवड्यात, थंडीतल्या एका सकाळी, विजेची लाईन गेली. लाईन नसली की आनंदाबाई दगडाला टाकी लावायला घेत. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की तो दाणा फोडत नाही, नुसता तापवतो. म्हणून अधूनमधून वरचा दगड काढून छिन्नीने त्याची दळणारी बाजू खरबरीत करावी लागते. त्या सकाळी वरचा दगड भिंतीला टेकवून ठेवलेला होता आणि बाई खालच्या दगडाशी उकिडव्या बसून टक्‌टक्‌ करत होत्या. तेवढ्यात जमीन हलू लागली. छपराचे टिन खडखडले. आढ्यावर वर्षानुवर्षे साचलेले पीठ, त्यात बहुधा लक्ष्मणरावांच्या काळचेही असेल, एका झटक्यात बाईंच्या डोक्यावर उतरले.

ज्या चक्कीच्या उघड्या दगडावर त्या स्वतः ओणवल्या होत्या, ती सुरू होणे शक्य नव्हते. तरीही बाईंच्या तोंडून निघाले ते असे : “मोहिनी! लाईन आली व! बटन बंद कर!”

म्हणजे चक्कीवर पहिला आळ चक्कीच्या मालकिणीनेच घेतला. हे नमूद केलेच पाहिजे, कारण पुढे जे घडले त्यात बाकीच्या गावाचा दोष थोडा हलका होतो.

हादरा थांबून श्वास घ्यायला सवड मिळते न मिळते तोच गल्ली भरून आली. पुढे प्रभाकरराव होते. एका गालावर साबणाचा फेस, दुसरा गाल साफ, पायात एकच चप्पल. त्यांच्या मागे, गावातल्या प्रत्येक वादाला साक्षीदार म्हणून हजर असणारे बंडूजी, आणि बंडूजींच्या मागे निम्मे गाव.

“वयनी! हे काय लावलं सकाळी सकाळी? आजवर भांडे हालत होते, आज माह्या देव्हाऱ्यातले देव हालले!”

पिठाने न्हालेल्या बाई उठून उभ्या राहिल्या. “म्या काय लावलं भाऊजी? दगड खोलून ठेवला हाये, दिसत नाई का?”

“मंग हालवलं कोनं?”

बंडूजींनी पुढे होऊन आजारी माणसाच्या कपाळाला लावावा तसा मोटरीला हात लावला. “थंडी हाये,” ते गंभीरपणे म्हणाले.

“बंद केली अशीन आत्ताच. आपुन येऊन राह्यलो, हे पाहून,” प्रभाकरराव म्हणाले.

“बंद केली, पट्टा उतरवला, दगड काढला, भिंतीले टेकवला अन टाकी घेऊन बसली? तुमी एका चपलेवर पोचाच्या आत?” बाई म्हणाल्या. “मी बाई हाओ जी, भूत नाई.”

“दिसता तर तशाच,” मागून कोणीतरी म्हणाले आणि भांडणात हसू शिरले. त्या हशातच घरातून मोहिनी मोबाईल उंच धरून धावत आली. “आई, भूकंप होता थो! तेलंगणाकडं झाला म्हणते. नागपूरलेबी हाललं, चंद्रपूरलेबी!”

हसू तिथेच थिजले. प्रत्यक्ष हादरा बसला तेव्हा गाव निर्भय होते, इतके की भांडायला निघाले. बातमी आली तेव्हा ते घाबरले. बंडूजी सावधगिरी म्हणून मटकन जमिनीवर बसले, मग अपराधी तीच आहे हे ध्यानात येऊन तितक्याच लगबगीने उठले. भूकंपात घराबाहेर मोकळ्या जागी यावे हा नियम गावाने अजाणता पाळला होता. पण तो जिवाच्या काळजीने नव्हे, शेजारणीला जाब विचारायला म्हणून. माणसे वाचण्याची कारणे नेहमीच थोर असतात असे नाही.

दुपारपर्यंत प्रत्येकाजवळ स्वतःचा भूकंप तयार झाला. बंडूजींच्या भूकंपात कपातला चहा आधी बशीत सांडला आणि नंतर, दुसऱ्या दिवशी सांगताना, बशीतून परत कपात गेला. कोणाची खाट खोलीभर फिरली. कोणाची म्हैस आदल्या रात्रीपासूनच उदास होती. एका आजींनी तर किल्लारीच्या वेळची पहाट काढली : फळीवरच्या गडव्याचा आवाज आला तशी त्यांच्या सासऱ्याने काठी घेतली, गोठ्यात जाऊन खांबाला अंग घासल्याबद्दल बैलाला दोन ठेवून दिल्या, आणि मग रेडिओवर बातमी आली. “बैलाची माफी मांगतली का मंग?” असे आनंदाबाईंनी विचारले. आजी म्हणाल्या, “बैलाची कोन मांगते व?”

आनंदाबाईंचा भूकंप मात्र कोणालाच आवडला नाही. “मले वाटलं लाईन आली,” एवढाच तो होता. त्यात खाट नाही, म्हैस नाही, देवाचे नाव नाही. मोहिनीने सुचवले, “आई, निदान छाती धडधडली म्हना ना.” बाई म्हणाल्या, “धडधडली ना. बिल वाढते म्हनून.”

सोमवारी गाव निंबाखाली बसले. नेहमी थोडे दूर बसणारे लोक त्या दिवशी झाडाला अगदी बिलगून बसले. झाड मुळे धरून असते, भिंतीचे काय सांगावे. आता चक्कीवरचा आळ आपोआप उतरेल, अशी आनंदाबाईंची समजूत होती. पण आळ हा अंगावरच्या पिठासारखा नसतो, झटकला की गेला असे होत नाही. प्रभाकररावांनी रात्रभर विचार करून युक्तिवादाची नवी बाजू शोधली होती.

“मी काय म्हनतो,” ते उभे राहून म्हणाले, “चक्की चालू असली का जमीन हालते. भूकंप आला तरी जमीन हालते. मंग उद्या खरा मोठा भूकंप आला, तर आपल्याले समजन कसा? आपुन म्हनू, चक्की हाये. अन बसू भाकर खात.”

सभेतून एक थंड लहर गेली. युक्तिवाद बिनतोड होता. भीतीच्या पोटी जन्मलेले युक्तिवाद बहुधा तसेच असतात. आनंदाबाई उठल्या. “बारा महिने दळते मी. कोनाचं घर पडलं?”

“पडाची वाट पाहाची का?” बंडूजींनी विचारले. त्यांचे दळण आदल्याच दिवशी झाले होते, त्यामुळे ते तत्त्वाच्या बाजूने बोलायला मोकळे होते.

ठरले असे, की आठ दिवस चक्की बंद राहील. जमीन स्वतःहून हलते का हे गाव पाहील. आणि आठ दिवस बंद राहू शकते ती चक्की नाल्यापलीकडेही जाऊ शकते, हे कोणी म्हटले नाही. पण बाईंना ते स्पष्ट ऐकू आले. घरी येऊन त्यांनी पट्टा उतरवून खुंटीला लावला. रात्री मुकेशला फोनवर त्या म्हणाल्या, “नाई रे, मी बरी हाओ,” आणि पोळी अर्धी टाकून उठल्या.

चक्की बंद झाली आणि गावाला गाव ऐकू येऊ लागले. महामार्गावरून जाणारे ट्रक इतके दिवस जमीन हलवत होते हे कोणाला ठाऊकच नव्हते, कारण ते श्रेय चक्की घेत असे. ट्रॅक्टर गेला, लोक अंगणात. शेजाऱ्याने पलंग सरकवला, लोक अंगणात. कोणाच्या फ्रिजने अंग झटकले आणि एक अख्खे कुटुंब जेवणावरून उठले. पूर्वी प्रत्येक थरथरीला नाव होते, मालकीण होती, तिच्याशी भांडता येत होते. आता थरथर होती आणि तिला कोणी धनी नव्हता. जमिनीवर फिर्याद करायची कोणाकडे? ज्याच्याशी भांडता येत नाही अशा गोष्टीसोबत एका छपराखाली राहणे किती कठीण असते, हे गावाला प्रथमच कळत होते.

सर्वांत हाल प्रभाकररावांचे झाले. दुपारी जेवून आडवे झाले की डोळे भेगेवर खिळत. पूर्वी ती भेग आनंदाबाईंची होती. आता ती नेमकी कोणाची हे कळेना. तिसऱ्या दुपारी ते चक्कीच्या दारात येऊन उभे राहिले. या वेळी दोन्ही पायांत चपला होत्या, पण डोळे सुजलेले होते.

“वयनी.”

“बोला भाऊजी. हाललं का काही?”

“नाई. हालत नाई तेच तर. आता हालन, मंग हालन, असं वाटत राह्यते. तीन दिस झाले, डोया लागला नाई.” त्यांनी इकडेतिकडे पाहिले. “घंटाभर चालवा ना चक्की.”

आनंदाबाईंना हसू आले, ते त्यांनी ओठांत धरले. “तुमीच तर बंद करवली.”

“मी कुठं कायमची चालू करा म्हनतो? घंटाभर म्हनतो. आवाज आला म्हंजे माणूस निजते.”

“कायी दळाले हाये का?”

“नाई, तशीच चालवा. खाली.”

“खाली चक्की चालवत नसतात जी,” बाई म्हणाल्या. “दाना नसला का दगड दगडालेच खाते. मालक असते तरी नाई म्हनले असते.”

प्रभाकररावांच्या घरचे दळण गेली काही वर्षे रागाने हिंगणघाटला जात होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

“ज्वारी आनू?” अखेर त्यांनी विचारले.

“आना. पन आजचं नाई होत.”

“काऊन?”

“निंबाखाली बसून बंद केली ना तुमी? मंग निंबाखाली बसूनच चालू करा. मी चोरून कायले दळू? गावाचं पीठ कायी मी एकटी नाई खात.”

बाईंच्या सुरात ताठा नव्हता, आणि हेच प्रभाकररावांना जड गेले. ताठ्याला उत्तर देण्याची त्यांना सवय होती. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतः दारोदार जाऊन लोक बोलावले. लोक आले, बहुतेकांच्या घरचे पीठ संपत आले होते आणि झोप तर कोणाचीच शिल्लक नव्हती.

“चक्की चालू करावी, असं माह्यं मत हाये,” प्रभाकरराव म्हणाले.

“अन भूकंप कसा समजन मंग?” बंडूजींनी निरागसपणे विचारले.

“नाई समजला तर नाई समजला! समजून तू काय करनार हायेस? धरून ठेवनार हायेस का त्याले?”

“अन तुमच्या भिंतीची भेग?”

सारे गाव आता त्यांच्याकडे पाहत होते. प्रभाकररावांनी खाकरून घसा साफ केला, टोपी काढली, पुन्हा घातली. “भेग… भेगेचं असं हाये, का जमीन काळी. पाया मी जरा उथळ घेतलता. मिस्त्री म्हनत होता खोल घ्या, मीच म्हटलं राहू दे.”

हे बोलताना त्यांनी कोणाकडेही पाहिले नाही. निंबाखाली कोणी हसले नाही, याचे श्रेय गावाला दिले पाहिजे. हसू सगळ्यांनी घरी नेले.

दुसऱ्या सकाळी आनंदाबाईंनी खुंटीवरचा पट्टा काढून चढवला. दारात रांग लागली होती. तिच्या अगदी पुढे, डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन, प्रभाकरराव उभे होते. डोक्यावर ओझे वाहायची सवय नसल्याने मान कोंबड्यासारखी ताठ. बाईंनी डबा उतरवून घेतला, वरच्या पेटीत ज्वारी ओतली आणि कोणत्याही गिऱ्हाइकाला विचारावे तसेच विचारले, “जाड का बारीक?”

“सावकाश,” प्रभाकरराव म्हणाले आणि पोत्यावर जाऊन बसले.

चक्कीने सूर धरला. ओटा थरथरला, टिन थरथरले, पोते थरथरले, पोत्यावरचे प्रभाकरराव थरथरले. पहिले पीठ पडायच्या आत त्यांचे डोके भिंतीला टेकले आणि घोरणे सुरू झाले. त्यांचे दळण झाले, डबा भरला, बंडूजींचा नंबर लागला, त्यांच्या मागचाही लागला. मोहिनी म्हणाली, “आई, उठवा ना त्यायले.”

आनंदाबाईंनी प्रभाकररावांच्या मिशीवर साचत चाललेल्या पिठाकडे पाहिले. “राहू दे व,” त्या म्हणाल्या, “तीन दिसानं निजला हाये,” आणि पुढच्या बाईचा डबा हातात घेतला.