पालथं घातलेलं बॅरल

मी सरांना घाबरायचे, हे आधीच सांगून टाकते. सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या लहानशा ऑफिसात आम्ही पाच जण वेबसाइट बनवायचो आणि सर, म्हणजे आमचे मालक, त्या बिघडवायचे. हे वाक्य आज लिहिता येतंय. तेव्हा मनातही आणवत नव्हतं.

त्या उन्हाळ्यात काम आलं जतकडच्या टँकरचं. वस्तीवाल्यांनी मोबाइलवरून पाण्याची मागणी नोंदवायची आणि ठेकेदारानं ती यादी बघून टँकर पाठवायचे. मी जतचीच, मेंढपाळाच्या घरातली, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं. मला बरंच वाटलं होतं.

मग सरांनी दोन गोष्टी ठरवल्या. खोट्या मागण्या नकोत म्हणून घराच्या नोंदलेल्या नंबरवर ओटीपी. दहा मिनिटांत तो भरला नाही तर मागणी आपोआप रद्द. आणि बटण दाबल्याबरोबर मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘धन्यवाद, मागणी नोंदली’. ओटीपीची चौकट त्याच्या खाली, पान बोटानं वर सरकवलं तरच दिसणारी. का, तर ठेकेदाराला दाखवताना हिरवं उठून दिसतं.

हे जतला चालणार नाही, हे मला तेव्हाच कळलं. आमच्याकडे नंबर नोंदलेला असतो घरच्या कर्त्या माणसाचा, आणि तो फोन मेंढरांमागं जातो. भाऊ कळप घेऊन कुठल्या माळावर असेल, तिथं रेंज असेल का, देव जाणे. घरी राहतात कोकरं आणि आई. ओटीपी जाणार भावाच्या खिशात.

मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, कुणाला काही अडचण? मागच्याच आठवड्यात अडचण सांगणाऱ्या एकाला त्यांनी घरी बसवलं होतं. मी मान खाली घातली आणि सांगितलं तसं करून दिलं.

वेबसाइट सुरू होऊन तीन-चार दिवस झाले असतील. दुपारी शेजारणीच्या मोबाइलवरून आईचा फोन आला. आदल्या दिवशी शेजारच्या सुनेनं तिची मागणी नोंदवून दिली होती.

"टँकर तसाच फुडं गेला गं. डायवर म्हनतोय, यादीत तुमचं नावच न्हाई."

घरात पाणी किती आहे, असं मी विचारलं. "बॅरल घासून पालथं घातलंय," ती म्हणाली, तेव्हा माझ्या लक्षात आलं. टँकर येणार म्हटलं की आमच्याकडे बॅरल रिकामं करून राखेनं घासतात आणि उन्हात पालथं घालतात. तळाचा गाळ नव्या पाण्यात नको. आईनं तेच केलं होतं. उरलंसुरलं पाणी कोकरांना पाजलं होतं.

"हिरवं आलं व्हतं न्हवं मोबाइलवर," ती म्हणाली. "म्हटलं, लेकीनं केलंय, ते खोटं कसं सांगंल?"

मी रद्द मागण्यांची यादी उघडली. कारण: ‘अर्जदाराने प्रतिसाद दिला नाही.’ तेही वाक्य माझंच. आईच्या घरची नोंद होती, तिच्याखाली दुसऱ्या वस्त्यांची, आणि पान सरकवत गेले तरी यादी संपेना. प्रत्येक घरी बॅरल पालथं असणार. कुणाला न विचारता ती दहा मिनिटांची अट काढली, सगळ्या मागण्या परत चालू केल्या, ठेकेदाराला फोन लावला. मग केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं.

सर खूप बोलले. शेवटी जरा शांत होऊन म्हणाले, "तुला माहीत होतं, तर तेव्हाच का बोलली नाहीस?"

मी जागेवर येऊन परत चालू केलेल्या मागण्या पुन्हा एकदा तपासल्या. नोकरी मात्र राहिली.

टँकर दुसऱ्या दिवशी आला. तोवर आईनं शेजारणीच्या दोन घागरींवर भागवलं. लेकीनं फोन केला म्हणून पाणी आलं, असं ती अजून सगळ्या वस्तीला सांगते. सुट्टीत गेले की बायका माझं कौतुक करतात आणि मी खाली बघते. सरांनी विचारलं ते आईनं अजून विचारलेलं नाही. तिचा फोन आला की मला वाटतं, आज विचारेल.