अक्का आडवी मावेल अशी गाडी

कुठे जायचं नसलं तरी सुभद्रा रोज सकाळी ओम्नी चालू करायची. चहाचं आधण ठेवायच्याही आधी. पहिल्या चावीला घरघर, दुसऱ्या चावीला खोकला आणि मग कधीतरी इंजिन लागायचं. लागलं की ती तशीच बसून राहायची, हात स्टिअरिंगवर आणि कान सीटखाली. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखालीच, त्यामुळे ते तापलं की काट्याच्या आधी बसणाऱ्याला कळतं. किलोमीटरचे आकडे दोन लाखांच्या पुढे कुठेतरी फिरायचे थांबले होते. दाराखालचा पत्रा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला, तिथे तेलाच्या डब्याचा पत्रा लागला होता. सरकतं दार अडायला लागलं की ती त्याच्या खाचेत खोबरेल सोडायची. आचरे गावात ही गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची.

नवरा मालवाहू बोटीवर. वर्षातून दोन महिने घरचा पाहुणा. बाकीचे दहा महिने सासू, बाग आणि गाडी यांचं दुखणंखुपणं सुभद्राकडे. सासूला सगळं गाव अक्का म्हणे. अक्काचं खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला बसता येईना. तेव्हा सुभद्राने ओम्नीची मागची सीट काढून टाकली, सुताराकडून मापाची फळी करून घेतली आणि तिच्यावर कापसाची गादी घातली. डॉक्टरकडे, लग्नाला, देवळाच्या जत्रेला अक्का आडवी जायची. "माका सगळे माड खालसून दिसतत गो," म्हणायची. एकदा तर गाडी रस्त्यात बंद पडली, रेडिएटरचा पाइप फुटलेला, तेव्हाही ती आतून विचारत होती, "ह्या माडाचे नारळ कोणी पाडूक नाय काय?"

मुलगा सुशांत पुण्याला कंपनीत. त्याने यंदाच नवी गाडी घेतली होती. दर फोनला तो जुनी विकायचा विषय काढायचा आणि दर फोनला सुभद्राचं दूध उतू जायचं.

मार्गशीर्षात गावपळण आली. देवाचा कौल झाला, दिवस ठरला. तीन दिवस, तीन रात्री गावात कोणी राहायचं नाही. माणसं नाहीत, गुरं नाहीत, कोंबड्या-कुत्रीसुद्धा नाहीत. सगळ्यांनी सूर्य बुडायच्या आत वेस ओलांडून माळावर झोपड्यांत राहायचं. सुशांत रजा काढून नव्या गाडीने आला. त्याने टेम्पो ठरवला, भांडी, अंथरुणं, गॅस, कोंबड्यांचा झाप, सगळं पुढे पाठवलं. मुलगा कामाला लागलाय याचं सुभद्राला बरं वाटायला हवं होतं. पण तिचं लक्ष लागत नव्हतं. सकाळी गाडी नेहमीसारखी चालू झाली होती, तरी दोनदा जाऊन ती पाणी बघून आली, चाकांना लाथ मारून आली.

दुपारनंतर देवळात निघायची नौबत झडली. अंगण मोकळं झालं. सुभद्राने अक्काला नवं लुगडं नेसवलं, घराला कुलूप घातलं आणि ओम्नीत बसून चावी फिरवली.

घरघर नाही. खोकला नाही. काहीच नाही.

तिने उतरून शेजारची सीट उचलली. बॅटरीची जागा रिकामी. दोन वायरी नुसत्या लोंबत होत्या.

"सुशांत! बॅटरी खंय गेली?"

"झोपडीत. टेम्पोतसून धाडलंय. थंय दिवो नको? फोन कशार चार्ज करतलंस?"

"कोणाक इचारलंस?"

"आई, ही गाडी नायतरी जातलीच आसा. गावपळण संपली काय भंगारवालो येतलो, माझा बोलणा झाला आसा. आणि अक्काक माझ्या गाडयेतसून नेवया. सीट पुरी मागे जाता. एसी आसा."

भंगारवाला हा शब्द सुभद्राने गिळला आणि ती म्हणाली, "बरा. घाल तिका तुझ्या गाडयेत."

शेजारचा लवू आपल्या शेळ्या घेऊन शेवटचा निघाला होता. त्याला हाक मारली. लवूने खांद्याखाली, सुशांतने पायांखाली हात घातले. नवी गाडी बसकी, दार अरुंद. अक्काचं अंग आत वळवायला गेले आणि खुबा दाराच्या कडेला वाकला. अक्का ओरडली तशी लवूच्या शेळ्या बुजल्या.

"माका मोडून घालतंस काय रे मेल्या!"

सुशांतने तिला परत ओसरीवरच्या बाजेवर ठेवलं. "मी जावन बॅटरी घेवन येतंय," तो म्हणाला.

"तो रस्तो बघ," लवू म्हणाला. फाटकाबाहेर म्हशी, हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर बोचकी घेतलेल्या बायका, सगळे एकाच दिशेला. "गेलंस तर परत येवक गावाचा नाय. सूर्य बघ खंय इलो तो."

सुभद्राने ओम्नीतली पकड आणि पाने बाहेर काढले होते. "बॉनेट उघड," ती म्हणाली.

"खंयचा?"

"तुझ्या गाडयेचा."

"आई, वॉरंटी जातली!"

"माझी कधीच संपली रे," अक्का बाजेवरून म्हणाली.

लवूला हसू आवरेना. "नव्याचा काळीज काढून म्हाताऱ्येक लावतास काय वयनी?"

नव्या बॅटरीची टोकं जाड निघाली. सुभद्राने ओम्नीच्या वायरीचे क्लॅम्प पकडीने फाकवले, ठोकले, पुन्हा फाकवले. बॅटरी उंच, त्यामुळे वरची सीट बसेना. तिने ती सीटच काढून ओसरीवर टाकली आणि बॅटरी सुंभाने आवळून बांधली. हाताला ग्रीस, कपाळाला घाम, आणि रस्त्यावरचा गलका कमी कमी होत चाललेला. तो कमी होणंच तिला सहन होत नव्हतं.

चावी फिरवली. पहिल्याच चावीला इंजिन लागलं. कितीतरी वर्षांत असं झालं नव्हतं, आणि तिला त्याचा भरवसाच वाटेना.

अक्का फळीवर गेली. तिच्याशेजारी सुशांत गुडघ्यांवर. त्याची नवी गाडी माडाखाली तोंड उघडं टाकून उभी होती; लवूने जाता जाता बॉनेट पाडलं.

वाटेत म्हशींचा कळप पुढे. थांब, चल, थांब. सुभद्राला सीटखालून धग लागायला लागली. बंद करावी तर पुन्हा लागेल याची खात्री नाही, न करावी तर इंजिन जायचं. ती पुढे सरकून सीटच्या टोकावर बसली आणि चालवत राहिली.

"हळू, आई! खड्डो इलो काय तिका लागता."

"माका खड्डे ठावक आसत. तू तिका धर."

त्याने दोन्ही हातांनी अक्काचा खुबा धरला. वेस येईपर्यंत सोडला नाही.

झोपडीचं दार ठेंगणं, म्हणून अक्का गाडीतच राहिली. सुशांतने उतरल्या उतरल्या जुनी बॅटरी खांद्यावर घेतली आणि आपली गाडी आणायला गावाकडे निघाला. वेशीवर दोघा म्हाताऱ्यांनी त्याला थांबवलं. सूर्य बुडाला होता. आता तीन दिवसांनी.

ते तीन दिवस सुशांत वेशीपर्यंत जायचा आणि परत यायचा. "माडाखाली लावलंस मां गाडी?" लवू विचारायचा. "नारळ पडले तर पत्रो तुझो, नारळ तुझ्या आवशीचे!" माळावर सगळे हसत, पत्ते खेळत, कोणी फुगड्या घालत. सुभद्रा सकाळी ओम्नी चालू करून बघायची, दुपारी क्लॅम्प चाचपायची.

तिसऱ्या दिवशी ती गाडीच्या दारात बसून अक्काला पेज भरवत होती, तेव्हा सुशांतला भंगारवाल्याचा फोन आला. तो जरा बाजूला गेला.

"नाही हो, नका येऊ," तो सांगत होता. "विकायचीय. पण सध्या नको... सध्या म्हणजे कधीपर्यंत, ते आता कसं सांगू? मीच कळवतो तुम्हाला."

बोलताना तो ओम्नीकडे बघत होता. गाडीकडे नव्हे, गाडीतल्या फळीकडे.

सुभद्राने चमचा भरला. वाटीत अर्ध्याहून जास्त पेज उरली होती.

"आणखी दोन घास घेवा, अक्का."

"पुरे गो. भूक नाय माका."

"नसांदे भूक," सुभद्रा म्हणाली. आवाज उगाचच चढला होता. "घेवा म्हणतंय ना. घेवा."