भगवानरावांचा वजीर

दुसरबीडच्या गजेंद्रला दोनच गोष्टी यायच्या, नाच आणि बुद्धिबळ. पोटापाण्याला दोन्ही कुचकामी, असं अख्खं गाव म्हणायचं. पस्तिशी उलटली तरी लग्न नाही. कमरेत लचक म्हणून पारावरची माणसं त्याला ‘बाई’ म्हणून हाक मारायची. तो हसून पुढे जायचा.

मग त्याने दोन्ही एकत्र केलं. शाळेच्या मैदानावर चुन्याने पट आखला आणि त्याच्याकडे बुद्धिबळ शिकायला येणाऱ्या पोरापोरींना सोंगट्या केलं. हत्ती पाय आपटत सरळ जायचा, उंट झुलत तिरका, घोडा अडीच घरांची उडी घ्यायचा. मेलेल्या सोंगटीने गिरकी घेऊन कोसळायचं. गॅदरिंगला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. गजेंद्रची आई, सरस्वतीबाई, त्या दिवशी पहिल्यांदा पदर सावरून पुढच्या रांगेत बसली.

ते पाहून गावचे बडे जमीनदार भगवानराव यांनी आपल्या साठीला तोच खेळ ठेवला. समोर त्यांचे व्याही इंद्रभान. दोघांनी माइकवरून चाली सांगायच्या. भगवानरावांचा वजीर स्वतः गजेंद्र.

डाव रंगला. गजेंद्रला एका चालीत मात दिसली. तो हळूच म्हणाला, “भाऊ, मले हत्तीच्या पुढच्या घरात टाका. मात हाय.”

भगवानरावांनी माइक तोंडाशी धरला. “सोंगटी काऊन बोलून राह्यली बे?”

मांडव खदखदून हसला. भगवानराव चेकाळले. त्यांनी वजीर मुद्दाम इंद्रभानच्या प्याद्याच्या माऱ्यात नेऊन ठेवला. प्यादं होती अर्पिता, गजेंद्रची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी. तिने हातातली लाकडी तलवार उचललीच नाही.

“मार ना वं पोरी!” भगवानराव ओरडले.

“मार,” गजेंद्रच म्हणाला.

तिने मारलं. तो गिरकी घेऊन कोसळला.

“माह्या पाहुण्यांनी नाही पाह्यलं. आणखी एकदा पड. बाईसारखा पड.”

तो उठला, पडला. परत उठवला. शिट्ट्या, मोबाइल, हसू. शेवटच्या वेळी गुडघा मुरमावर आपटला तेव्हा ‘कट’ असा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला. लोकांना वाटलं, कळवळणं नाचातलंच आहे.

घरी आई गुडघ्याला हळद लावत म्हणाली, “उठून काऊन नाही आला रे?”

“डाव चालू होता माय.”

“तुह्या जीवाचा तमाशा चालू होता.”

गुडघा कायमचा गेला. नाच सुटला. पारावर तो व्हिडिओ कितीतरी दिवस फिरत होता.

पुढच्या वर्षी भगवानरावांनी बीबी गावी नातवाच्या बारशात पुन्हा पट मांडला. वजीर आता अर्पिता होती. गेल्या वर्षी वजीर घालवून डाव हरले होते; या वेळी हरायचं नाही म्हणून गजेंद्रला शेजारी खुर्ची दिली, चाली कानात सांगायला. इस्त्रीचा शर्ट घालून तो बसला. पाहुण्यांनी त्याला ‘सर’ म्हटलं.

डाव हातात होता. वजिराला धक्काही न लावता जिंकता आलं असतं. अर्पिता गिरकीच्या तयारीने उभी, भरवशाने त्याच्याकडे पाहत होती.

गजेंद्र भगवानरावांच्या कानाशी वाकला.

“वजीर देऊन टाका भाऊ. लोकायले मजा येते.”

भगवानराव खूश झाले. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि माइक उचलला. अर्पिता पडली. मांडवातून ‘आणखी एकदा’चा गलका उठला, तेव्हा गजेंद्र पुढची चाल शोधत होता.