कादंबरी नावाची बादली

आमच्या नानांच्या न्हाणीघरात एक निळी प्लॅस्टिकची बादली आहे. घरातले सगळे तिला 'कादंबरी' म्हणतात. हे नाव तिला माझ्यामुळे पडलं, ही गोष्ट मी आजवर एकाही माणसाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळसुद्धा नाही. (तिच्याजवळ बोललो असतो तर एव्हाना भोकरदन तालुकाभर झाली असती.)

नाना म्हणजे माझे धाकटे चुलते. केदारखेड्याच्या पुढे एका गावात मास्तर होते. आमच्या गावात वरचे वर्ग नव्हते, म्हणून मी शिकायला नाना-काकूंकडे राहिलो. शाळेचे पत्रे गळायचे, त्यामुळे शाळेचं ग्रंथालय नानांच्या घरात एका लोखंडी पेटीत नांदायचं. एकूण त्रेपन्न पुस्तकं. नाना दर शनिवारी ती मोजायचे. काकू कोंबड्या मोजायची तितक्याच काळजीनं!

त्या त्रेपन्नात एक जुनी परदेशी वैज्ञानिक कादंबरी होती, कुणीतरी मराठीत आणलेली. कव्हर गेलेलं, पहिली चार पानं गेलेली, त्यामुळे तिचं नाव मला आजही माहीत नाही. एक कप्तान पोलादी यान घेऊन ताऱ्यांकडे निघतो, एवढीच गोष्ट. पण त्यातले शब्द! अभेद्य! दुर्दम्य! निर्वात! उत्सर्जन! आमच्या घरी तोवर सगळ्यात अवघड शब्द 'ग्रामपंचायत' होता. नाना आम्हा पोरांना ती वर्गात रंगवून वाचून दाखवायचे, पण आठवड्याला दोनच पानं. मला दम निघेना. एका बुधवारी मी ती पेटीतून उचलली. वाचून ठेवणारच होतो. (सगळे चोर ठेवणारच असतात.)

नेमक्या त्याच आठवड्यात काकूनं घरातली रद्दी देऊन दारावरच्या फेरीवाल्याकडून निळी बादली घेतली.

शनिवारी मोजणी झाली. बावन्न.

"अगं, तू रद्दी दिली का?" नानांचा आवाज आला.

"दिली की. बादली घेतली. बघा तरी, कशी निळीशार हाय!"

"त्याच्यात शाळंचं पुस्तक गेलं!"

"न्हाई हो! म्या पेटीला हातबी लावला न्हाई!"

"मंग काय पुस्तकाला पाय फुटले?"

मी तिथंच भाकरी खात बसलो होतो. पुस्तक माझ्या सदऱ्याच्या आत, पोटाला चिकटून होतं. काकूनं माझ्याकडे बघितलं आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "सुधाकर, तू सांग बाबा, तू तर घरातच व्हता. म्या पुस्तक दिलं का?"

मी काय बोललो? मी म्हणालो, "काकू, अजून अर्धी भाकर दे."

त्यानंतर नानांनी तीन बाजार पालथे घातले, पण फेरीवाला सापडला नाही. त्यांनी त्या बादलीनं अंघोळ करणं बंद केलं. "ती बादली न्हाई, शाळंची कादंबरी हाय," असं म्हणून ते घंगाळातनं पाणी घ्यायचे. पुढे घरात भांडण कशावरूनही सुरू होवो, मीठ जास्त पडो, पाहुणे यायचे राहोत, शेवटी गाडी बादलीवरच यायची. "तुझ्यावर काय भरोसा ठेवायचा? तू तर कादंबरीची बादली केली!" की काकू गप्प. अशी पस्तीस वर्षं! बादलीची कडी तुटली, तिथं तार आली, पण बादली टिकली. (तसलं प्लॅस्टिक आता होत नाही. तसल्या बायकाही.)

आणि मी? माझं चांगलं चाललं होतं. कादंबरीतले सगळे शब्द मी वहीत उतरवून पाठ केले होते. मी बोलतो कमी, पण लिहायला बसलो की तोफखाना! दहावीत निबंधाला वाहवा मिळाली. भोकरदनला मारवाडी शेठजींच्या सरकी-ढेपेच्या दुकानात नोकरी लागली. पहिलंच पत्र वाचून शेठजींनी चष्मा काढला. "अरे भाई सुधाकर, 'आपल्या दुर्दम्य सहकार्याच्या प्रतीक्षेत' म्हणजे काय? ढेप मागवून राह्यला का लढाईला बोलावून राह्यला? जल्दी माल भेजो, बस, एवढं लिही!" पण तालुक्यात बोभाटा झालाच. कुणी निवृत्त झालं, कुणाची पंचाहत्तरी आली की मानपत्र लिहायला माणसं माझ्याकडे यायला लागली.

मग नानाच निवृत्त झाले. मानपत्र अर्थातच मी लिहायचं!

घरच्या माणसावर लिहायला बसलो आणि एक ओळ सुचेना. जेवढे शब्द माहीत होते ते सगळे त्यांचेच चोरलेले. शेवटी मी लोखंडी कपाटाच्या तळातून कादंबरी काढली (हो, अजून माझ्याकडेच होती) आणि कप्तानाचं वर्णन उचलून जसंच्या तसं नानांना लावून टाकलं. कप्तान अर्ध्या पानात संपला. मानपत्राची चौकट मोठी होती. मग मी त्याचं यान घेतलं.

सोहळ्याला सगळं गाव हजर. नव्या मुख्याध्यापिका बाई मानपत्र वाचायला उठल्या. "आपली दुर्दम्य इच्छाशक्ती..." टाळ्या! "आपले अभेद्य कवच प्रचंड तापमानातही वितळले नाही..." टाळ्या! "आपल्या उदरातील यंत्रणा अविरत धडधडत राहिली..." पहिल्या रांगेतला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मास्तरला पोटाचं काही हाय का?" मी घामाघूम. पुढचं वाक्य मला माहीत होतं. मी फक्त यानाचं 'शेपूट' काढून चांगला शब्द घातला होता. बाईंनी ते खड्या आवाजात वाचलं: "आपल्या पृष्ठभागातून निघणाऱ्या ज्वालांनी दाही दिशा उजळून निघाल्या!"

पोरं खिदळली. मोठ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी नानांकडे बघितलं आणि गार पडलो. फेटा बांधून बसलेल्या नानांचे ओठ हलत होते. बाईंच्या आधी! एका शब्दापाशी बाई अडखळल्या तेव्हा नाना बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाले, "किंकर्तव्यविमूढ." माणसं थक्क! "मास्तर म्हणजे मास्तर!" मग नाना पुढचं आख्खं वाक्य न बघता म्हणाले. नंतर मान वळवून त्यांनी गर्दीत मला हुडकलं. तसं त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधीच बघितलं नव्हतं.

सत्काराला उत्तर देताना ते दोनच वाक्यं बोलले. "मानपत्र लई आवडलं. बऱ्याच दिसांनी ऐकलं."

घरी आल्यावर नाना गुलालानं माखलेले होते. काकूनं नेहमीसारखं घंगाळ पुढे केलं. नाना म्हणाले, "घंगाळ राहू दे. त्या निळ्या बादलीत पाणी काढ."

काकूनं घंगाळ बाजूला सरकवलं. "आज कसं काय? ती तर कादंबरी हाय ना?"

"न्हाई," नाना म्हणाले. "बादलीच हाय ती."

"म्हंजी... म्या न्हवतं दिलं रद्दीत?"

"तू न्हवतं दिलं."

"मंग कुठं गेल्तं?"

नानांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे बोट केलं. "ह्याला इचार. तालुक्यातला शब्दांचा मोठा माणूस हाय." आणि ते अंघोळीला गेले.

काकू माझ्यासमोर उभी राहिली. पस्तीस वर्षांपूर्वी राहिली होती तशीच. न्हाणीघरातून बादलीच्या तारेचा आवाज येत होता. माझ्या तोंडात अभेद्य होतं, निर्वात होतं, किंकर्तव्यविमूढ तर मी स्वतःच होतो. मी म्हणालो, "काकू, मानपत्र कसं वाटलं?"

तिनं पदर खोचला. "मला काय कळतंय त्यातलं? तेवढं जाळ निघतो म्हनलं ते बराबर वाटलं. रागीट हायेतच." आणि चहा टाकायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी नानांनी शाळेच्या पुस्तकांचा चार्ज दिला. एक्कावन्न, बावन्न. पुढे शेरा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला: 'एक पुस्तक गहाळ. निष्काळजीपणा माझा.' माझं नाव त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही, आजही घेत नाहीत. काकूनं मला पुन्हा विचारलेलं नाही. दर महिन्याला मी पिशवीत कादंबरी घालून त्यांच्याकडे जातो, चहा पितो, चहा छान झाला म्हणतो आणि कादंबरी घेऊन परत येतो.

नानांना मी एक पुस्तक देणं लागतो, पहिली चार पानं सोडून. आणि काकूला एक वाक्य देणं लागतो: 'काकू, पुस्तक मी चोरलं होतं.' त्यात एकही अवघड शब्द नाही. म्हणूनच बहुतेक मला ते येत नाही.