दगा पैलवानाचं मरण आणि बारा नंबरचा डबा

पेपरात आतल्या पानावर चार ओळी होत्या. चित्रपटांतील खलनायक दगाजी पैलवान यांचे निधन. फोटोसुद्धा नाही! मी चहाची बशी आदळली आणि विलासरावांना, म्हणजे माझ्या यजमानांना, म्हटलं, "अहो, आपला माणूस गेला आणि फक्त चार ओळी?"

ही नव्वद-एक्याण्णवची गोष्ट. आमचं नवीन लग्न झालेलं, बिऱ्हाड जळगावात. मी एका कचेरीत टायपिस्ट, हे शाळेत ड्रॉइंग मास्तर. पत्रिकेत किती गुण जुळले होते देव जाणे, पण एक गुण भटजींना दिसलाच नव्हता. आम्ही दोघंही दगा पैलवानाचे वेडे होतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दगा पैलवान धुळ्याचा. तरुणपणी खानदेशातल्या जत्रा त्याने कुस्त्यांनी गाजवल्या, मग मुंबईला जाऊन सिनेमात खलनायकाचा उजवा हात झाला. त्याचं काम एकच, हिरोचा मार खाऊन मरायचं. पण काय मरायचा हो! पब्लिक शिट्ट्या मारायचं, पडद्यावर चिल्लर फेकायचं, आणि तो मेला की अर्धं थेटर उठून घरी जायचं. पुढे हिरोचं लग्न होवो नाहीतर न होवो, आमच्या बापाचं काय जातं!

आठवड्याभरात धुळ्याहून रशीदभाईंचं कार्ड आलं. रशीदभाई तिथल्या एका टॉकीजचे ऑपरेटर, विलासरावांचे लहानपणापासूनचे दोस्त. पैलवानाची तेराव्याची गंधमुक्ती झाली की रविवारी दुपारी बाराला त्याचा एक सिनेमा फुकट दाखवायचा, मालकांनी परवानगी दिलीय. प्रिंट भुसावळच्या वितरकाकडे आहे, ते तुम्ही आणा. शेवटी एक ओळ होती. पैलवानाची मोठी बहीण सोनाअक्का येणार आहे. तिने आजवर भावाचा एकही सिनेमा पाहिलेला नाही, कारण सगळ्यांत तो मरतो.

कार्ड वाचून माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि मला एक कल्पना सुचली. बाईसाहेबांना कल्पना सुचली की घरात काहीतरी फुटतं, असं हे म्हणतात. असो.

शनिवारी सकाळच्या पॅसेंजरने भुसावळ गाठलं. जळगावहून अर्धा तास. स्टेशनबाहेर पोहे आणि चहा घ्या, दोन रुपयांत पोट भरायचं तेव्हा. आपल्याकडे मुंबईचा सिनेमा येतो तो भुसावळमार्गे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. वितरकांच्या ऑफिसांत पार छतापर्यंत पत्र्याच्या पेट्या रचलेल्या. तिथल्या कारकुनाने आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे प्रिंट कोण बघणार आता? धूळ खात पडलंय. सोमवारी भंगारात चाललंय."

"धुळं बघणार!" मी म्हटलं.

"मग उद्या संध्याकाळच्या गाडीने परत पाठवा. सोमवारी भंगारवाला येतोय, तो माझ्यासाठी थांबायचा नाही."

दोन पेट्या, त्यात पंधरा गोल डबे. एका डब्यात एक रीळ, दहा मिनिटांचा सिनेमा. कोणत्या डब्यात काय आहे त्याची यादी झाकणाला चिकटवलेली. मी बोट फिरवत बारा नंबरवर थांबले. पैलवानाचं मरण अख्खं त्याच रिळात होतं.

दुपारी जळगावहून अमळनेरमार्गे धुळ्याला जाणारी एसटी धरली. तुम्ही जाणार असाल तर सरळ हायवेने जा. आम्ही या रस्त्याने गेलो कारण वाटेत धरणगावला विलासरावांची मावशी. पेट्या टपावर चढवताना कंडक्टर म्हणाला, "दादा, बाँब नाही ना?" हे म्हणाले, "नाही हो, पैलवान आहे." पुढचा तासभर तो कंडक्टर आमच्याकडे संशयाने बघत होता. दोन्हीकडे कापूस फुटून पांढरा झालेला, वेचणाऱ्या बायका कमरेला झोळीसारखे ओटे बांधून वाकलेल्या. रस्ता मात्र असा की पोटातले पोहे पुन्हा भुसावळला जातात की काय असं वाटावं.

मावशीकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत. वांगी कापसाच्या काड्यांवर भाजलेली, वर हिरव्या मिरचीचा ठेचा, कच्चं तेल. त्या भरतासाठी मी आजही कुठेही जाईन. जेवण झाल्यावर मी पेटी उघडली आणि बारा नंबरचा डबा काढून मावशीच्या फडताळात ठेवला.

"अगं, हे काय?" विलासराव ओरडले.

"अक्कांना भाऊ मरताना दिसणार नाही. अकरानंतर तेरा लावायचा. पैलवान जिवंत राहील. दहा मिनिटं कमी झाली तर कोणाचं बिघडतं?"

हे म्हणाले, "तू फार चांगली आहेस गं." मलाही तसंच वाटत होतं.

रविवारी पहाटेच्या एसटीने नवाच्या आत धुळ्याला. बसस्टँडजवळ शेवभाजी खाल्ली, नाकातून पाणी आलं, वरून रस्सा मागून घेतला. पेट्या रशीदभाईंकडे टाकल्या. डबा ठेवून आल्याचं सांगितल्यावर ते मान हलवत म्हणाले, "भाभी, आपकी मर्जी." मग आम्ही सोनाअक्कांना भेटायला पांझरेकाठच्या गल्लीत गेलो.

सत्तरी ओलांडलेली बाई, पण पाठ ताठ. दारात बसून डाळ निवडत होती. आम्ही पाया पडलो. मी मोठ्या प्रेमाने सांगितलं, "अक्का, काळजी करू नका. आजच्या सिनेमात भाऊ मरणार नाहीत. तो तुकडा आम्ही काढून ठेवलाय."

अक्कांचा हात सुपात थांबला.

"काढी टाका?" त्या म्हणाल्या. "मंग मी काय देखाले येऊ?"

मला काही समजेना. अक्का अहिराणीत बोलत होत्या, सावकाश, एकेक शब्द ठेवत. त्या सांगत होत्या, दर दिवाळीला भाऊ यायचा. ओवाळून झालं की विचारायचा, अक्का, यंदा मी कसा मेलो? मी म्हणायचे, मरो तुझा सिनेमा, मी नाही बघितला. तो हसायचा, पण तोंड उतरायचं. अख्ख्या मुलखाने त्याची कला पाहिली, एक बहिणीने नाही.

"तो जित्ता व्हता तवय माले भ्याव वाटे," अक्का म्हणाल्या. "आते कसाना भ्याव? मरना तो खरंच. आते माले त्यानी कला देखनी शे. बठ्ठास्नी देखी, मीच राहिनू." म्हणजे, तो खरंच मेला, आता भीती कसली; सगळ्यांनी पाहिली, मीच राहिले.

माझ्या कानाखाली कोणी वाजवली असती तरी इतकं लागलं नसतं. पैलवानाच्या बहिणीला आम्ही त्याचा सिनेमा दाखवणार होतो, आणि त्याचं सगळ्यांत मोठं काम तेवढं काढून! नको तिथे शहाणपण, दुसरं काय! आणि संध्याकाळी प्रिंट परत, सोमवारी भंगारात. आज नाही तर कधीच नाही.

"अक्का, डबा येतो," मी म्हटलं. "तुम्ही थेटरात बसा. तो आल्याशिवाय सिनेमा संपत नाही."

साडेदहाला रशीदभाईंची राजदूत फटफटी काढली. हे पुढे, मी मागे पदर खोचून. रशीदभाई म्हणाले, "अकरा नंबरपर्यंत मी रेटतो. पुढे अल्ला मालिक." धुळे ते धरणगाव, अमळनेरवरून, जाऊन-येऊन सव्वाशे किलोमीटर तरी असेल. आता या रस्त्याने आरामात जाल, थांबत थांबत उसाचा रस पीत जाल. आमच्या वेळी दर कोसाला खड्डा आणि दर खड्ड्याला नवऱ्याचं एक वाक्य. "चांगली आहेस गं, चांगली आहेस!" असं प्रत्येक गचक्याला ऐकत मी गेले. एकदाही उलट बोलले नाही. लग्नानंतरचा तो एकमेव दिवस.

जाताना अमळनेरला रेल्वेचं फाटक बंद, मालगाडी संपता संपेना. धरणगावात जिनिंगकडे निघालेल्या कापसाच्या गाड्यांची रांग. मी खाली उतरून पळतच मावशीकडे गेले, तर फडताळात डबा नाही!

"मावशी, डबा?"

"तो व्हय? दह्यावर ठेवलाय. मांजर सुखानं राहू देत नाही. चांगला वजनदार आहे."

दह्याच्या मडक्यावरून पैलवानाचं मरण उचललं, पदराने पुसलं, मांडीवर घेतलं आणि पुन्हा राजदूतवर. परतीला पुढचं टायर बसलं. पंक्चर काढणारा म्हणाला, अर्धा तास लागेल. विलासरावांनी फक्त डब्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "यात दगा पैलवान आहे. थेटर थांबलंय." त्याने हातातली सायकल बाजूला टाकली. पैसेही घेतले नाहीत. म्हणाला, "माझ्याकडून दोन शिट्ट्या मारा."

टॉकीजला पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. बाहेर सामसूम. वाटलं, संपला सिनेमा, लोक गेले.

दार ढकललं तर आत दिवे लागलेले आणि थेटर खच्चून भरलेलं. अकरा नंबर कधीच संपला होता. एक माणूस उठला नव्हता. एकेक जण उभा राहून पैलवानाची आठवण सांगत होता. एक म्हातारा पैलवान सांगत होता, "माले तेनी दोन मिनिटात चीत करं, आनि वर मालेच दूध पाजं!" लोक हसत होते, डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत सोनाअक्का, मागे वळून वळून सगळं ऐकत. भावाच्या इतक्या गोष्टी त्यांना पहिल्यांदाच कळत होत्या.

मी डबा डोक्यावर धरला आणि ओरडले, "आला!"

तो आवाज मी जन्मात विसरणार नाही. छप्पर उडायचंच बाकी होतं. डबा हातोहात वर गेला, दिवे गेले, मशीन खडखडलं.

पडद्यावर पैलवानाला गोळी लागते. तो पडत नाही. छातीकडे बघतो, मग हिरोकडे बघतो, जणू विचारतो, एवढंच? सावकाश पायरीवर बसतो, सुटलेला फेटा नीट गुंडाळतो, मिशीवर हात फिरवतो, एकदा हसतो. आणि मग, सगळं आवरून झाल्यावर, मरतो.

शिट्ट्या, टाळ्या, चिल्लर, सगळं एकदम. सोनाअक्का उठून उभ्या राहिल्या. मला वाटलं, रडतील. त्यांनी दोन्ही हात पडद्याकडे केले, कानशिलावर बोटं मोडली आणि मोठ्याने म्हणाल्या, "झकास मरना रे भाऊ! झकास!"

थेटर पेटलंच. "वन्स मोअर!" रशीदभाईंनी रीळ उलटं गुंडाळलं, पुन्हा लावलं. मग अक्कांनी स्वतः मागे वळून हुकूम सोडला, "आखो लाव!" तिसऱ्यांदा. शेवटचे तीन डबे कोणी मागितलेच नाहीत.

संध्याकाळच्या एसटीत पेट्या चढवताना रशीदभाईंनी हळूच सांगितलं की बारा नंबरमधला चार चौकटींएवढा तुकडा त्यांनी कापून अक्कांना दिलाय. अक्का तो दाराच्या उजेडात धरून शेजारणींना दाखवत बसल्या होत्या. बाकीचं प्रिंट वेळेत भुसावळला पोचलं आणि सोमवारी भंगारात गेलंही असेल. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. ज्याच्यासाठी ते जपलं होतं ते काम झालं होतं.

जळगावला आल्यावर चार दिवस पाठ धरली होती. तेव्हापासून एक गोष्ट मात्र सोडली. कोणाला काय सोसवेल हे मी परस्पर ठरवत नाही. आधी विचारते. विलासराव म्हणतात, सोडली नाहीस, कमी केलीस. तेही खरं असेल.

सोमवारी कचेरीत साहेबांनी विचारलं, "काय हो, शनिवारची रजा घेऊन धुळ्याला काय पाहिलंत एवढं?"

मी म्हटलं, "एका माणसाला मरताना पाहिलं, साहेब. तीनदा. आणि तिन्ही वेळा शिट्टी मारली."