कापसाच्या खोलीतला पंखा

गेल्या हिवाळ्यात माझा कॉम्प्युटर सुरू झाला की आमच्या पांढुर्ण्याच्या घरात ते सगळ्यांना कळायचं. सगळ्यांना म्हणजे बाबांना आणि मला, कारण घरात आम्ही दोघंच. बटन दाबलं की डब्यातून आधी खाकरल्यासारखं व्हायचं, मग घर्रर्र, आणि मग कोणी पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवून राहिलं असा आवाज. आत प्रोसेसर म्हणून जो छोटासा तुकडा असतो, तो तापू नये म्हणून त्याच्या डोक्यावर एक पंखा बसवलेला असतो. त्या एवढ्याशा पंख्याचा हा सगळा तोरा. पाच-सात मिनिटं बोंब मारून मग तो गप्प बसायचा.

बाबांना त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं. विहिरीवरच्या डिझेल इंजिनासोबत त्यांची अर्धी जिंदगी गेलेली. ते म्हणायचे, "थंडीचे दिवस आहेत वं. गरम झालं का बसते आवाज."

"बाबा, हे इंजिन नाही जी. याच्यात डिझेल नसते."

"मंग पेट्रोल असन," म्हणून ते संत्र्याच्या बगीच्यात निघून जायचे. त्यांच्याशी कोण डोकं लावणार!

आता माझं काम सांगते. मी पुण्यातल्या एका कंपनीत नवीन लागलेल्या लोकांना त्यांच्या कामाचं सॉफ्टवेअर शिकवते. तीन वर्षांआधी आई गेली तेव्हा मी हातापाया पडून घरून काम मागून घेतलं आणि पांढुर्ण्याला परत आले. मी लोकांना सांगायची, बाबांना सोबत म्हणून आली. बाबा लोकांना सांगायचे, तिले तिथं करमत नव्हतं. दोघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं होतं, पण आम्ही एकमेकांना त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

रोज सकाळी साडेनऊला माझा वर्ग. पंचवीस माणसं कानाला हेडफोन लावून तयार. आणि आमच्याकडची लाइट सकाळी जायची ती सव्वानऊला यायची, म्हणजे कधी नऊ वीस, कधी नऊ पंचवीस. बॅटरीचा एक डबा होता, तो दहा मिनिटांत मान टाकायचा. त्यामुळे मी "सुप्रभात" म्हणायला आणि पंखा बोंबलायला एकच गाठ पडायची. एक दिवस माझं काम बघणाऱ्या पुण्याच्या मॅडमनं वर्गातच विचारलं, "तुमच्या मागे पिठाची गिरणी आहे का?"

"नाही मॅडम, पंखा आहे."

"मग ऐन थंडीत पंखा कशाला लावता?"

पंचवीस जण हसले. मी पण हसले, काय करता! पण डिसेंबरच्या एका सोमवारी मॅडमचा फोन आला तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. पुढच्या सोमवारी कंपनीचे मोठे साहेब माझा वर्ग ऐकायला बसणार होते. मॅडम म्हणाल्या, आवाज ठीक आला तर ठीक, नाही तर महिन्याभरात पुण्याला या, ऑफिसात बसा. मी तुमच्यासाठी आणखी भांडू शकत नाही.

त्या दिवशी जेवताना मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याच्या भाजीत बुडवला, निवांत चावला, आणि म्हणाले, "त जा मंग. तिथं लाइट बी जात नाही."

असा संताप आला मला! एकदा, नुसतं एकदा "नको जाऊ" म्हणायला यांचं काय जात होतं? मी ताटावरून उठले आणि भांडी इतकी आपटली की पंख्याचा आवाज बरा.

पण दुसऱ्या दिवशी मंगळवारी सकाळी बघते तर बाबांचे सौसरचे दोस्त दारात. पाण्याच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधण्यात या काकांचा हात धरणारा आमच्या भागात कोणी नाही. दर मंगळवारी ते जामसावळीच्या मारुतीला जातात, तिथून तसेच इकडे आलेले, कपाळावर शेंदूर. बाबांनीच फोन करून बोलावलं होतं. मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं.

काकांनी आधी कॉम्प्युटरच्या डब्याला शेंदराचं एक बोट लावलं. मग मला बटन दाबायला लावलं, आणि पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक पंख्याच्या मधोमध टेकवून दांडा आपल्या कानाला लावला. डोळे मिटले. बाबांनी मला तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. दोन मिनिटांनी काका म्हणाले, "बेरिंग कोरडं झालं. मोटार तीन घोड्याची राहो का शेंगदाण्याएवढी, बेरिंगले तेल पाह्यजे."

खरं सांगते, मला त्यांचं म्हणणं पटलं. त्यांनी शिलाई मशीनचं तेल मागितलं, पंख्याच्या मधलं स्टिकर नखानं उचललं आणि दोन थेंब सोडले. पंखा असा चूप झाला की बाबांनी काकांना चहावर चहा पाजला. मी तर त्यांच्या पायाच पडले.

बुधवारी शांत. गुरुवारीही शांत. शुक्रवारी थोडी खरखर. आणि शनिवारी लाइट आली, मी बटन दाबलं, अन् माय वं! आधीचा आवाज त्याच्यापुढे भजन म्हणायचा. आणि आता तो पाच मिनिटांत नाही, तासभर बसेना. कॉम्प्युटर तापून दोनदा आपोआप बंद पडला. मी बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात फोन केला, तर दुकानदार लग्नाला गेलेला, मंगळवारी येणार. मोठे साहेब सोमवारी!

रविवारी सकाळी मी ठरवलं, आता आपणच उघडायचं. मोबाइलवर दोन व्हिडिओ बघितले, बाबांचा पेचकस घेतला, आणि कापसाच्या खोलीत जमिनीवर फतकल मारली.

हो, कापसाच्या खोलीत. हे सांगायचं राहिलंच, आणि खरी गोम तिथंच होती. आमच्याकडे कापूस वेचून आला की लगेच विकत नाहीत. भाव चढेपर्यंत घरातच एका खोलीत भरून ठेवतात. मी पुण्याला होते तितकी वर्षं त्या कापसानं माझ्या खोलीवर ताबा मारला होता. परत आल्यावर बाबा म्हणाले होते, "समोरच्या खोलीत बस, इथं कापूस राहते." मीच ऐकलं नाही. समोरच्या खोलीत रस्त्याची गडबड, आणि कापसाच्या ढिगाजवळ आवाज अजिबात घुमत नाही. पहिल्या वर्षी मॅडमनी विचारलं होतं, तुम्ही स्टुडिओत बसता का? तेव्हापासून खिडकीपर्यंत कापूस आणि त्याच्या पायथ्याशी मी, माझं टेबल आणि माझा डबा. त्यात त्या दिवाळीत, आत हवा लागावी म्हणून, डब्याचं बाजूचं झाकण मीच काढून ठेवलेलं.

चार स्क्रू काढले आणि पंखा उचलला. खाली पत्र्याच्या पातळ पट्ट्या असतात, त्यांच्या फटींतून हवा जायला पाहिजे. तिथं फट नावाला नव्हती, ठासून कापूस! उशी भरावी तसा. आणि पंख्याच्या पात्यांमागे, दांडीभोवती, तेलात चिंब भिजलेली, पीळ बसलेली, लांबलचक वात.

बाबा वाकून बघून राहिले होते. म्हणाले, "हे त वात होये. मस्त वळली."

"मस्त वळली?" मी ओरडले. "काकांनी दोनच थेंब टाकले होते. इतकं तेल आलं कुठून?"

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. मग हळूच म्हणाले, "मी टाकत होतो रोज. तू आंघोळीले गेली का."

"काऊन पण?"

"आवाज बंद व्हाले पाह्यजे होता न."

मी आणखी ओरडणार होते, पण पेचकस खाली ठेवला. माणूस रोज सकाळी तेलाची कुपी लपवून माझ्या आंघोळीची वाट बघत होता! चूक निम्मी त्यांची, निम्मी माझी. झाकण तर मीच उघडं ठेवलं होतं. मी नुसतं म्हटलं, "जुना ब्रश आणा जी."

दात घासायच्या जुन्या ब्रशानं आणि शिलाईच्या सुईनं आम्ही दोघांनी मिळून त्या पट्ट्या साफ केल्या. इंजेक्शनआधी लावतात त्या स्पिरिटनं पंख्याचं तेल पुसलं. काकांच्या पद्धतीनं मोजून एक थेंब सोडला, पंखा बसवला, झाकण लावलं, बटन दाबलं. नुसतं सूं.

"झाला सुरू?" बाबांनी विचारलं.

"हौ."

"मंग आवाज काऊन नाही?"

हसून हसून माझ्या पोटात दुखलं. पण कापूस अजून तिथंच होता, उद्या परत आत शिरला असता. मी म्हटलं, मी समोरच्या खोलीत जाते. बाबा म्हणाले, "काही नको. कापूस माह्या खोलीत टाकू." आणि माझं ऐकून न घेता चादर अंथरून गाठोडं बांधायला लागले. भाव काय चढायचा तो चढो, त्या रविवारी आम्ही अख्ख्या घराचा कापूस वीस पावलं हलवला. संध्याकाळी बाबांच्या खोलीत त्यांच्या खाटेपुरती जागा उरली होती, आणि दोघांच्याही भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

सोमवारी लाइट नऊ तेवीसला आली. मी देवाचं नाव घेऊन बटन दाबलं. पंखा चूप. पण कापूस गेल्यानं खोली अशी मोकळी झाली होती की बाकी जगातलं सगळं ऐकू यायला लागलं. स्टेशनावर गाडीनं शिटी दिली. शेजारणीनं नळावरून कोणाला तरी झापलं. मी अगदी महत्त्वाचं शिकवून राहिले होते आणि खिडकीखालून भाजीवाली ओरडली, "मेथीऽऽ घ्या मेथी!" मी मनात म्हटलं, संपलं. बांधा बोऱ्याबिस्तर.

वर्ग झाल्यावर मोठे साहेब पहिल्यांदा बोलले. "शिकवता छान. बाकी, तुमच्याकडे मेथी फार ताजी येते वाटतं?"

"हो सर," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

दहा मिनिटांनी मॅडमचा फोन आला, मी स्पीकरवर घेतला. "साहेब खूश आहेत. राहा तिकडेच, मी कागद पाठवते."

मी बाबांना सांगायला चप्पल न घालता धावले. बाबा सकाळचे बगीच्यात गेलेच नव्हते. आपल्या खोलीत खाटेवर बसलेले, मागं छातीइतका कापूस, पुढ्यात आईची जुनी सुटकेस उघडी. त्यातून एकेक सदरा काढून खुंटीला अडकवत होते. आत शाल होती, तीन महिन्यांच्या बीपीच्या गोळ्या होत्या, लाइटचा टेस्टर होता.

"बाबा, कुठं जाऊन राहिले?"

"आता कुठंच नाही," ते म्हणाले. "ऐकलं मी दारातून. त्या बाई राहा म्हणाल्या न?"

मी सुटकेसमधली शाल उचलली. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बगीचा ठेक्यानं देऊन टाकला असता. बोलणं बी झालं होतं. पुण्याले मी बी आलो असतो तुह्यासंग."

जो माणूस बहिणीच्या घरी दुसऱ्या रात्री टिकत नाही, तो! मला रडू फुटलं, आणि रागही आला, की हे आधी बोलायला काय झालं होतं.

"आणि कापूस?" मी नाक पुसत विचारलं. "इतका जीव लावता त्याला, तो इथंच टाकून आले असते?"

"कापसाचं काय," बाबा म्हणाले. "तो काय मले जेवला का म्हणून विचारते?"